महाबळेश्वरात हरवलं कोण

माझे वडील फौजेत हवालदार होते. वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या वर्षी ते मे महिन्यात आले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "यंदा आपण समद्यांनी महाबळेश्वरला जायचं."

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान न वळवता विचारलं, "तिथं कुणाचं काय हाय?"

"कुणाचं काय न्हाई. बघायला जायचं."

"काय बघायला?"

दादांनी जरा वेळ घास चावला. "महाबळेश्वर," ते म्हणाले.

आमचं गाव वडूजपासून पाच-सहा मैल आत, उघड्या माळावर. मी दहा वर्षांची होते, धाकटा भाऊ सहाचा. आम्ही गावाबाहेर जायचो ते कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मातीला, देवाला, नाहीतर साताऱ्याच्या दवाखान्यात. यांतलं एकही कारण नसताना घराला कुलूप लावून जायचं, हे आम्हाला कुणालाच नीट उमगलं नव्हतं. खरं कारण दादांनी पुढे दोन दिवसांनी आईला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. त्यांच्या पलटणीत सगळ्या मुलखाची माणसं. साताऱ्याचा म्हटलं की प्रत्येक जण विचारायचा, म्हणजे महाबळेश्वर तुझ्या घराजवळच. एकदा एका साहेबाने विचारलं तेव्हा दादा 'हां साब, देखा है' म्हणून मोकळे झाले. साहेब बायकोला घेऊन तिथे जाऊन आलेला. त्याने पुढे दोन-चार गोष्टी विचारल्या आणि दादांना एकीचंही उत्तर आलं नाही.

"मग सांगायचं हुतं, बघितलं न्हाई म्हणून," आई म्हणाली.

"आता बघू की," दादा म्हणाले.

माझा मामा सांगलीला विश्रामबागेत राहायचा, कचेरीत कारकून होता. तो कचेरीतल्या लोकांबरोबर महाबळेश्वरला जाऊन आला होता, म्हणून दादांनी त्याला पत्र टाकलं. मामाने उलटटपाली यादीच पाठवली. कुठे उतरायचं, टॅक्सी कशी ठरवायची, कुठले कुठले पॉइंट बघायचे, होडीत कधी बसायचं. प्रत्येकापुढे दर लिहिलेला. दादांनी ती यादी कोऱ्या कागदावर पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मामा गेला होता तो दिवाळीनंतर, गर्दी नसताना, हे त्याने लिहिलं नव्हतं आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रश्न होता आबांचा. आबा म्हणजे दादांचे वडील. पन्नाशीपर्यंत त्यांनी मेंढरं राखली होती. पावसाळ्यात माळावर, बाकीचे आठ महिने कळप घेऊन मुलुखभर. दुष्काळात कळप विकला आणि मग ते चार एकर जोंधळ्याच्या रानात अडकून पडले. ते म्हणाले, "मी हितंच ऱ्हातो. म्हशीला कोण हाय?"

"शेजारी बघत्यात. मी सांगितलंय," दादा म्हणाले.

"किती दिस?"

"तीन मुक्काम."

"तीन दिस? डोंगर बघायला?" आबांनी आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले.

तरी निघालो. दादांची काळी ट्रंक, एक वळकटी, आईची भाकरी-चटणीची पिशवी. त्या पिशवीत आईने एक नारळही टाकलेला मला दिसला. कोणता देव लागेल याचा तिला अंदाज नव्हता, पण नारळ असू दे, असं ती म्हणाली. वडूजहून एस.टी.त बसलो तर कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता विचारलं, "कुणाचं लगीन?" दादा म्हणाले, "लगीन न्हाई, महाबळेश्वर." कंडक्टरने आमच्याकडे, मग ट्रंकेकडे पाहिलं. "तिथं बदलीवर हाय व्हय?" तो म्हणाला.

सातारच्या स्टँडवर एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. महाबळेश्वरची गाडी लागायच्या आधीच लोक तिच्याकडे पळत होते. खिडकीतून रुमाल, टोप्या, एकाने तर चप्पल आत टाकून जागा धरली. दादा रांगेत उभे राहिले, कारण रांगेत उभं राहायचं असतं. पण तिथे रांग नव्हतीच. दोन गाड्या आमच्या डोळ्यांदेखत भरून गेल्या.

तिसऱ्या गाडीला आबा पुढे झाले. त्यांनी धाकट्याला काखेत घेतलं, मला आईचा पदर धरायला लावला, दादांना म्हणाले, "तू मागं. ट्रंक आडवी धर. मागनं कुणाला घुसू दिऊ नको." आणि हातातली काठी दोन्ही हातांनी आडवी धरून ते गर्दीत शिरले. ढकलाढकली नाही, काही नाही. नुसतं बाजूबाजूने सरकत, कुठे फट दिसेल तिथे अंग घालत आम्हाला दारापर्यंत नेलं. आत बसल्यावर त्यांनी बोटाने आम्हाला मोजलं. चौघं आणि आपण एक.

"बुजलेल्या मेंढरांतनं असंच काढावं लागतं," ते म्हणाले. दादांना ते आवडलं नसावं. मोहीम त्यांची होती.

महाबळेश्वरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि वारा गार होता. मे महिन्यात गार वारा लागतो याचाच धाकट्याला एवढा अचंबा वाटला की तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. बाजारात माणसांना माणसं घासत होती. बाया पँट घातलेल्या, गॉगल लावलेल्या, पुरुष हातात काठ्या घेऊन फिरत होते. आबांनी त्या काठ्या निरखून पाहिल्या. "ह्यांची जनावरं कुटं हायती?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, ती नुसती फिरायची काठी आहे.

यादीतलं पहिलं हॉटेल भरलेलं होतं. दुसऱ्यात एक खोली होती. मॅनेजरने दर सांगितला तो मामाच्या दराच्या चौपट. शिवाय तो माणशी होता, खोलीचा नव्हता. शिवाय त्यात जेवण धरलेलं, ते नको म्हटलं तरी पैसे तेच.

"आमच्याजवळ भाकरी हाय," आई म्हणाली.

"ते ठीक आहे बाई, पण सीझनला असंच असतं," मॅनेजर म्हणाला.

सीझन हा शब्द आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकला आणि पुढच्या दीड दिवसात शंभरदा ऐकला असेल. चहाला सीझन, बटाटेवड्याला सीझन, हमालाला सीझन. दादा यादी काढायचे, दर बघायचे आणि पुन्हा घडी करून ठेवायचे, जणू पुढच्या वेळी उघडली तर आकडा बदललेला असेल. शेवटी आईने भाजी विकत बसलेल्या एका बाईला विचारलं, "बाई, तुमी कुटं ऱ्हाता?" बाजारामागे तिचं कौलारू घर होतं. तिने पडवी दिली, आठ रुपयांत, वर दोन घोंगड्या. आई तिच्याशी बोलत चुलीपाशी बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी टॅक्सी ठरवली. सहा पॉइंट आणि शेवटी तळं. ड्रायव्हर पान खाणारा, घाईचा माणूस होता. पहिल्या पॉइंटला त्याने गाडी उभी केली आणि म्हणाला, "धा मिनिटं."

आम्ही उतरून कठड्यापाशी गेलो. खाली दरी होती. खूप खोल, निळी, पलीकडे डोंगरामागे डोंगर. आजूबाजूला पन्नास-साठ माणसं उभी. काही जण 'आहाहा' म्हणत होती, काही फोटो काढत होती. आम्ही पाचही जण ओळीने उभे राहून बघू लागलो. बघून झालं. पण दहा मिनिटं झाली नव्हती.

"ह्यात बघायचं काय?" आबांनी हळूच विचारलं.

दादांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "सीन बघा, आबा," ड्रायव्हर म्हणाला.

आबांनी पुन्हा पाहिलं. मग एकदम ते पुढे वाकले. खाली, फार खाली, एका कड्याच्या पट्टीवर पांढरे ठिपके हलत होते. "शेरडं हायती," ते म्हणाले. "तिथं पाणी असणार. वाट कुठनं हाय?" आणि ते वाट शोधू लागले. शेरडं राखणारा माणूस कुठे असेल, तो संध्याकाळी वर कसा चढत असेल, याचा ते बोटाने हवेत माग काढत होते. आता कुठे त्यांना रस आला होता, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या पॉइंटवर दरीच होती. तिसऱ्यावरही.

"हे मगाचंच हाय की," धाकटा म्हणाला.

"ही दुसरी बाजू," दादा म्हणाले, पण त्यांचा आवाज तितकासा खात्रीचा नव्हता. ते प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हरला नाव विचारत होते आणि ओठांतल्या ओठांत घोकत होते. नावं इंग्रजी होती, एकातून दुसरं उगवल्यासारखी. चौथ्या पॉइंटला पोचेपर्यंत पहिल्याचं नाव ते विसरले होते. मला विचारलं, मलाही आठवेना.

गाडीत आबांनी ड्रायव्हरला विचारलं, "पाऊस किती पडतो हितं?"

"विचारू नका. चार महिने सूर्य दिसत न्हाई. आमी घरांना गवताचे झाप बांधतो."

"आन् मग ते पाणी जातं कुटं?"

"खाली. कृष्णेला, कोयनेला."

"आमच्याकडं न्हाई येत," आबा म्हणाले. "हा सातारा जिल्हाच न्हवं?"

"व्हय की."

"मग आमचा कोणता?"

ड्रायव्हर हसला. आबांनी गंमत केली असं त्याला वाटलं असावं. आबा हसले नाहीत.

तळ्यावर आलो तेव्हा दुपार झाली होती आणि तिथे जत्रा भरली होती. चणे, मक्याची कणसं, गाजरं, भिरभिरी, फुगे, फोटोवाला, घोड्यांची रांग. होडीच्या तिकिटाची खिडकी माणसांनी झाकून गेली होती. टॅक्सीवाला म्हणाला, "मी अर्धा तास थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक हाय." दादांनी पैसे आधीच दिलेले होते. होडीचं तिकीट मामाच्या यादीपेक्षा किती जास्त होतं ते आता आठवत नाही, पण दादांनी खिशातून पाकीट काढून, परत ठेवून, पुन्हा काढलं, एवढं आठवतं. पाच तिकिटं घेतली. मग होडीसाठी वेगळी रांग. आई त्या रांगेत उभी राहिली.

रांगेजवळच छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा खेळ होता. धाकट्याने हट्ट धरला. फौजी बापाचा पोर, त्याला वाटलं आता सगळे फुगे फुटणार. दादांनी सहा छरे घेतले, पाय रोवून उभे राहिले, श्वास रोखला आणि चाप ओढला. फुगा तसाच. दुसरा, तिसरा, तसाच. पाचवा छरा सुटल्यावर दादांनी बंदूक उलटी करून नळीला डोळा लावला.

"नळी वाकडी हाय," ते म्हणाले.

"फौजी हाय व्हय?" खेळवाला म्हणाला. "समदे फौजी हेच म्हणत्यात."

चार माणसं हसली. सहाव्या छऱ्याला दादांनी मुद्दाम फुग्याच्या वीतभर उजवीकडे नेम धरला आणि फुगा फुटला. पण तोवर हसणारे पांगले होते, ते कुणी पाहिलंच नाही. आम्ही मात्र पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या आणि आबांना सांगायला वळले. आबा नव्हते.

रांगेत आईजवळ नव्हते. चण्याच्या गाडीशी नव्हते. टॅक्सीपाशी असतील म्हणून दादा धावत गेले, तर टॅक्सीच नव्हती. ते परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि होडीच्या रांगेत आमच्यापुढे फक्त एक कुटुंब उरलं होतं.

"आबा आल्याशिवाय बसायचं न्हाई," दादा म्हणाले.

होडीचा माणूस म्हणाला, "मागं रांग बघा. आत्ता बसा, न्हाईतर बाजूला व्हा. पैसं परत मिळणार न्हाईत."

"मी पोरास्नी घिऊन बसते," आई म्हणाली. "तुमी आबांना बघा."

"हां, बस तू. न्हाई, थांब. तू हितं थांब, मी... न्हाई, बसा तुमी." एवढं बोलून दादा गर्दीत शिरले. घरी असताना दादा एकदा सांगायचे आणि तेच व्हायचं. तीन हुकूम एका श्वासात देताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आबा हरवल्यापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्या दोन रिकाम्या जागांवर मुंबईचं एक जोडपं बसलं. पुरुष जाडजूड, गळ्यात कॅमेरा. होडी वल्हवणारा म्हातारा होता, तोंडाने काही न बोलणारा. होडी काठापासून सुटली आणि हळूहळू सगळा गोंगाट मागे पडला. पाणी हिरवं, गार. धाकट्याने हात घातला.

तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा काठ एखाद्या चित्रासारखा समोर पसरला होता. आणि मला आबा दिसले. घोड्यांच्या रांगेपलीकडे एक उंचवटा होता, त्यावर त्यांचा लाल पटका. हातात एका घोड्याचा लगाम. शांत उभे होते. मग मला दादाही दिसले. ते दुकानांच्या अलीकडे होते. एकदा या घोळक्यात शिरत, एकदा त्या घोळक्यातून निघत. दोघांच्या मधे दोनेकशे पावलं आणि पालांची एक ओळ. ते दोघं एकमेकांना दिसत नव्हते. आम्हाला दोघंही दिसत होते.

"आई, आबा! तिथं!" मी हात उचलला.

आईने माझा हात धरून खाली दाबला. "बघितलं मी. गप बस जरा."

मी गप्प बसले. होडी चालली होती. आई एकदा आबांकडे बघत होती, एकदा दादांकडे, आणि मग कुणाकडेच नाही, नुसती पाण्याकडे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. दादा जीव तोडून शोधताहेत, आणि हिला दिसतंय, तरी ही बोलत का नाही, हे मला कळेना. पुढे मी स्वतः दोन मुलांची आई झाल्यावर एकदा तिला विचारलं. तिने आधी, असं काही झालंच नाही, म्हणून सांगितलं. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोघंबी नीट हायती, एवढं दिसलं मला. मग म्हटलं जरा बसावं." अजून काही विचारलं तर ती दुसरंच बोलू लागली. तेव्हा माझं आठवणं बरोबर की तिचं पहिलं उत्तर, हे मला आजही नक्की माहीत नाही.

मग ती एकदम उठून उभी राहिली. होडी डुलली.

"खाली बसा बाई, उलटंल," म्हातारा पहिल्यांदा बोलला.

"आवं," आईने हाक मारली. "आवं, हिकडं बघा."

काठावरच्या दहा-पंधरा पुरुषांनी वळून पाहिलं. दादांनी नाही.

"बाई, नाव घेऊन हाक मारा ना," कॅमेरावाला म्हणाला. "अशी कशी कळणार त्यांना?"

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. नवऱ्याचं नाव घेणं तिला जमणारं नव्हतं, ना घरात, ना पाण्यावर. ती मला म्हणाली, "तू मार हाक." मी होता नव्हता तेवढा जोर लावून 'दादा' म्हणून ओरडले. त्यावर निम्मा काठ आमच्याकडे बघू लागला. कुणी हात हलवला, कुणी शिट्टी घातली. दोन अनोळखी पोरींनी रुमाल फडकावले. धाकटा रडू लागला. मी पुन्हा ओरडले.

आबांनी माझा आवाज ओळखला. लगाम न सोडता ते पुढे झाले, कपाळावर हात धरून त्यांनी पाण्यावर पाहिलं आणि आम्ही दिसलो. त्यांनी एक, दोन, तीन असं बोट हलवून आम्हाला मोजलंही असेल. चौथा नव्हता. मग त्यांनी तळहात तोंडापाशी धरला आणि मेंढरांना माघारी बोलवायची हाक घातली. लांब, वर चढत जाणारी आणि शेवटी तुटणारी. कळप विकल्यापासून मी ती ऐकली नव्हती.

काठावरच्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण दादा होते तिथे थांबले. आम्हाला ते स्पष्ट दिसलं. एका घोळक्याच्या मध्यभागी ते थांबले, मान वर केली, आणि पुन्हा हाक आली तेव्हा वळून सरळ त्या दिशेला चालू लागले. कुठेही न बघता, पालांमधून, घोड्यांमधून. लहानपणी शाळेत जायच्या आधी ते त्या कळपामागेच वाढले होते.

आम्ही उतरून तिथे पोचलो तेव्हा दोघांचं चाललेलं होतं.

"हरवला कुटं हुता तुमी?" आबा विचारत होते.

"आमी न्हाई हरवलो, आबा. तुमी हरवला."

"मी तर हितं उभा हाय. तासभर एका जाग्याला हाय. हरवलेला मानूस एका जाग्याला उभा ऱ्हातो व्हय?"

"सांगून जायचं हुतं."

"घोडं लंगडत हुतं. सांगत बसलो असतो तर गेलं असतं गर्दीत." घोड्याच्या खुरात खडा अडकला होता. आबांच्या ते लांबून लक्षात आलं. मालकाला सांगायला गेले, तो ऐकेना, म्हणून स्वतःच गुडघ्यावर खूर घेऊन चाकूने खडा काढला. मग आम्ही दिसेना झालो. "माझी मानसं हरवली म्हणून मी उंचावर येऊन उभा ऱ्हायलो. म्हंजे कुनालाबी दिसंल. तुमी वर बघितलंच न्हाई."

दादा खाली बसले आणि बूट काढून मोजे सारखे करू लागले.

घोड्याचा मालक चहा घेऊन आला. त्याने मला आणि धाकट्याला एकाच घोड्यावर बसवून तळ्याकाठाने लांब फेरी मारून आणली. दादांनी पाकीट काढलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या वडलांनी माझं जनावर वाचवलं." त्या दोन दिवसांत, पडवी सोडली तर, सीझनचा दर न लागलेली तेवढी एकच गोष्ट. दादा होडीत बसलेच नाहीत. आबाही नाहीत. ती दोन तिकिटं पुढे कितीतरी दिवस दादांच्या खिशात असावीत.

टॅक्सी गेलेली, म्हणून बाजारापर्यंत चालत आलो. पडवीत जेवताना दादा म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ." तीन मुक्कामांचे दोनच झाले. आईने नारळ त्या भाजीवाल्या बाईला दिला. तिने तो कसला म्हणून विचारलंही नाही, देवापुढे ठेवला.

सकाळची गाडी घाट उतरली तशी हवा पुन्हा आमची झाली, गरम आणि धुळीची. सातारच्या स्टँडवर वडूजची गाडी लागलेली होती, पण तिच्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. आबांनी काठी आडवी धरली तेव्हा दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आबा. मागची बघू. घरी कोण वाट बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. आम्ही उद्या येणार असंच सगळ्यांना माहीत होतं. आम्ही स्टँडवरच्या कडुनिंबाखाली वळकटी पसरून बसलो. दादांनी कांदाभजी आणली, चहा आणला, नंतर पुन्हा भजी आणली. मागची गाडी आली, गेली. कुणी उठलं नाही. मला सारखं वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल, चला. कुणी म्हणत नव्हतं, आणि मोठी माणसं काहीही काम नसताना अशी बसलेली मी पाहिली नव्हती, म्हणून मला ते बरं वाटत होतं की वाईट, तेच ठरेना.

मग दादा कुणी न विचारता सांगू लागले. भरती झाल्यावर पहिल्यांदा निघाले तेव्हा एका मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. बरोबरची पोरं पुढे गेली, हे मागे राहिले. यांना हिंदी येत नव्हती, कुणाला विचारायची लाज वाटली. एक अख्खा दिवस त्या स्टेशनवर.

"मग काय केलंस?" आबांनी विचारलं.

"काय करणार. रडलो एका बाकड्यावर बसून."

"हे कवा सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं त्यात."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी धाकट्याकडे. तो वळकटीवर झोपला होता. भज्यांचा कागद आबांपुढे होता, तो त्यांनी बोटाने ढकलत दादांच्या पुढे नेला.

"किती वर्सांचा हुतास तवा?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"एकोणीस," आबा म्हणाले, आणि वडूजची पुढची गाडी कधी आहे ते विचारायला काठी घेऊन उठले.